यूकेत जुनं घर घेताय किंवा विकताय? मग ॲस्बेस्टॉसचं काय करायचं ते आधी वाचा

आमचं देवघर जिन्याखालच्या कपाटात बसवायचं ठरलं होतं. घराची किल्ली मिळून जेमतेम चार दिवस झालेले, सासूबाईंनी मिरजेहून दिवस बघून सांगितलेला, आणि नवरा हातात ड्रिल घेऊन कपाटात अर्धा आत वाकलेला. मागे राखाडी-पांढरा बोर्ड होता, पायऱ्यांना खालच्या बाजूने ठोकलेला, टकटक केलं तर भिंतीसारखा भरीव आवाज नाही आणि पुठ्ठ्यासारखा पोकळही नाही, मधलंच काहीतरी. तेवढ्यात शेजारचे आजोबा ओळख करून घ्यायला केक घेऊन आले, आयुष्यभर प्लंबिंग केलेला माणूस, त्यांनी दारातूनच आत बघितलं, नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, म्हणाले ते ड्रिल आधी खाली ठेव.

तो बोर्ड ॲस्बेस्टॉसचा (पूर्वी बांधकामात सर्रास वापरलेला, आग न लागणारा खनिज तंतू) निघाला. मग गॅरेजचं छप्पर निघालं, मग वरच्या दोन बेडरूमची सिलिंग निघाली. रेडिंगमधलं १९६७ सालचं साधं तीन बेडरूमचं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं घर), आजूबाजूची सगळी रांग तशीच, म्हणजे आमचंच नशीब फुटकं होतं असं काही नाही. सहा वर्षांनी तेच घर आम्ही विकलं, त्यामुळे घेणाऱ्याची धाकधूक पण बघून झाली आणि विकणाऱ्याची पण. आपल्या ओळखीतले बरेच जण आता जुनी घरं बघतायत आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

हे इंग्लंडचं आहे. वेल्समध्ये जवळपास असंच चालतं. स्कॉटलंडमध्ये विकणाराच आधी होम रिपोर्ट (घराच्या तपासणीचा अहवाल) करून ठेवतो, तिथला कागदपत्रांचा क्रम वेगळा, पण ॲस्बेस्टॉसच्या मालाबद्दल जे सांगतेय ते तिथेही लागू.

१. आधी डोकं ठिकाणावर आणा

आपल्या लोकांच्या दोनच तऱ्हा बघितल्यात. एक म्हणजे रिपोर्टमध्ये ॲस्बेस्टॉस शब्द दिसला की घरच नको. दुसरी म्हणजे "काय होतंय, आमचं आख्खं बालपण सिमेंटच्या पत्र्याखाली गेलं". माझंही गेलं की. मिरजेला आमच्या मागच्या पडवीवर तोच पत्रा होता, वर आई सांडगे वाळत घालायची, आणि ठिकरी खेळायला आम्ही त्याच पत्र्याचा फुटका तुकडा दगडावर घासून घासून गोल करायचो. ते घासणं आठवलं की आता अंगावर काटा येतो. पांढरा ॲस्बेस्टॉस भारतात अजूनही बंद नाही, तसले पत्रे आजही दुकानात मिळतात, त्यामुळे आपल्याला तो परका वाटतच नाही, खरी गोची तिथे आहे.

तर मुद्दा असा की जोपर्यंत माल अख्खा आहे, कुणी त्याला भोक पाडत नाही, घासत नाही, फोडत नाही, तोवर तो गपचूप बसलेला असतो. फुटला की डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत जातात आणि ते फुफ्फुसात गेले की त्याचा आजार १५ पासून ६० वर्षांपर्यंत कधीही वर येऊ शकतो. म्हणून "मला काही झालं नाही" याला काही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये आजही दरवर्षी ५००० च्या आसपास माणसं यापायी जातात, त्यातली कितीतरी सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, म्हणजे दुसऱ्याच्या घरात भोकं पाडून पोट भरलेली माणसं.

२. घर कधी बांधलंय आणि नंतर त्यात केव्हा काय काम झालंय ते शोधा

इथे निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ ला बंद झाला, पांढरा नोव्हेंबर १९९९ मध्ये. त्यामुळे २००० नंतर बांधलेलं घर असेल तर हा लेख इथेच सोडा आणि चहा प्या. त्याआधीचं असेल तर कुठेतरी असू शकतं असं धरूनच चाला.

इथे एक गफलत होते. लोक म्हणतात आमचं तर १९३० सालचं घर, तेव्हा कुठे एवढं वापरायचे. अहो घर १९३० चं असेल, पण सिलिंगवरचं आर्टेक्स (नक्षीचा जाड लेप) १९७५ मध्ये मारलेलं असतं, गॅरेज १९६८ मध्ये चढवलेलं असतं, बॉयलरचं कपाट सत्तरच्या दशकात केलेलं असतं. बांधकामाचं साल विचारा आणि सोबत एक्स्टेन्शन, गॅरेज, किचन, हीटिंग हे प्रत्येक कधी केलं ते विचारा.

घर बघायला जाल तेव्हा एवढ्या जागा डोळ्यांखालून घाला. हात लावायचा नाही, नखाने खरवडायचं तर अजिबातच नाही:

- गॅरेज आणि शेडचं छप्पर. आपला ओळखीचा नागमोडी सिमेंटचा पत्रा, वर शेवाळ साठलेलं. पन्हळी आणि पाण्याचे पाइपही त्याच सिमेंटचे असतात.
- सिलिंगवरची नक्षी, म्हणजे आर्टेक्स. भोवरे, टोकं, पंख्यासारखे फराटे.
- जिन्याखालचं कपाट, बॉयलरचं कपाट, फायरप्लेस बंद केली असेल तर तिच्यावरचा बोर्ड, बाथटबच्या बाजूचं पॅनल, छपराच्या कडेखालच्या पट्ट्या. आमच्यासारखा राखाडी-पांढरा बोर्ड इथे सापडतो.
- कार्पेटखालच्या जुन्या छोट्या चौकोनी टाइल्स आणि त्यांच्याखालचा काळा डिंक.
- माळ्यावरची जुनी पाण्याची टाकी, आणि जुन्या पाइपांवर गुंडाळलेला प्लास्टरसारखा थर.
- जुना फ्यूजबॉक्स.

सगळं सारखंच धोक्याचं नसतं, आणि पुढचा सगळा खर्च यावरच ठरतो म्हणून हे नीट समजून घ्या. सिमेंटच्या पत्र्यात साधारण १० ते १५ टक्के ॲस्बेस्टॉस, तेही सिमेंटने घट्ट धरून ठेवलेलं, आर्टेक्समध्ये तर थोडे टक्केच. इन्सुलेटिंग बोर्ड, म्हणजे तो राखाडी-पांढरा, मात्र मऊ, त्यात १६ ते ४० टक्क्यांपर्यंत, आणि बहुतेक तपकिरी. पाइपांवरचा लेप त्याहून वाईट, नुसता धक्का लागला तरी भुगा पडतो. म्हणजे गॅरेजचं एवढं मोठं छप्पर बघून छातीत धस्स होतं पण तो बिचारा गरीब, आणि कपाटातला हातभर बोर्ड खरा बदमाश.

३. सर्व्हे म्हणजे नक्की कुठला सर्व्हे

इथे आम्ही तोंडावर आपटलो. सर्व्हे या एका शब्दाखाली इथे तीन वेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली म्हणजे मॉर्गेज देणाऱ्याचं व्हॅल्युएशन. ते त्यांच्यासाठी, तुमच्यासाठी नाही, कधीकधी तर माणूस घरात पाऊलही टाकत नाही.

दुसरी म्हणजे आरआयसीएसवाल्याचा (आरआयसीएस ही सर्व्हेयरांची इथली संस्था) होम सर्व्हे, लेव्हल २ किंवा त्याहून सखोल लेव्हल ३. तो डोळ्याला दिसेल तेवढं बघतो, घट्ट बसवलेलं कार्पेट उचलत नाही, काही फोडून उघडत नाही, सॅम्पल घेत नाही. त्याच्या रिपोर्टमध्ये "यात ॲस्बेस्टॉस असू शकतं" असं एक वाक्य येतं. आमच्याही रिपोर्टमध्ये होतं, पिवळ्या रंगाच्या २ नंबरच्या रेटिंगखाली (लक्ष द्यायला हवं, पण तातडीचं नाही), गॅरेज आणि सिलिंग दोन्हीबद्दल, आणि मी ते वाचून "हे तर सगळ्यांनाच लिहीत असतील" म्हणून पान उलटलं. आणि जिन्याखालचं कपाट? ते मालकीणबाईंच्या कोटांनी, व्हॅक्यूम क्लीनरने आणि ख्रिसमसच्या झाडाने गच्च भरलेलं, सर्व्हेयरने इमानदारीत लिहिलं होतं की कपाट भरलेलं असल्याने तपासता आलं नाही. ते वाक्य मी वाचलंच नव्हतं. तुम्ही वाचा. रिपोर्टमध्ये "दिसलं नाही", "तपासता आलं नाही" असं जिथे जिथे लिहिलंय ते पेनाने गोल करा, आणि एजंटला सांगून दुसऱ्यांदा घर बघायला जाल तेव्हा त्या जागा रिकाम्या करून ठेवायला सांगा. लाजू नका, एवढे पैसे ओततोय आपण.

तिसरा म्हणजे खरा ॲस्बेस्टॉस सर्व्हे. त्यात पुन्हा दोन प्रकार. मॅनेजमेंट सर्व्हे म्हणजे रोजच्या वापरात हात लागेल अशा ठिकाणचं बघून सॅम्पल घेतात, फार तोडफोड नाही. दुसरा रिफर्बिशमेंट अँड डिमॉलिशन सर्व्हे, यात भिंत, जमीन फोडून आतलं बघतात. किचन तोडायचंय, लॉफ्टमध्ये खोली काढायचीय, भिंत पाडायचीय तर दुसराच लागतो, पहिला चालत नाही. अडचण अशी की घर अजून तुमचं नाही, मालक कशाला फोडू देईल. म्हणून घ्यायच्या आधी मॅनेजमेंट सर्व्हे किंवा संशयाच्या जागांचे नुसते सॅम्पल, तेही मालकाच्या लेखी परवानगीने, आणि फोडाफोडीचा सर्व्हे ताबा मिळाल्यावर, पण काम सुरू व्हायच्या आधी.

सर्व्हे करणारी कंपनी आणि लॅब दोन्हीला यूकासची (लॅब आणि तपासणी करणाऱ्यांना मान्यता देणारी इथली राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का बघा. आणि जी कंपनी सर्व्हे करते तीच पुढे काढायचं कामही करते असं असेल तर जरा सावध राहा, बाकी तुम्ही समजदार आहात.

४. सॅम्पल

माझं मत विचाराल तर सॅम्पल सर्व्हेयरलाच घेऊ द्या. पोस्टाने पाठवायचे किट मिळतात, आम्हाला एका सॅम्पलचे ३० पौंडांच्या आसपास पडले होते, आणि गॅरेजच्या पत्र्याचा आम्ही तसाच पाठवला. सिलिंग आणि बोर्ड मात्र माणूस बोलावून केले.

तो कसा करतो ते बघण्यासारखं होतं. आधी खाली प्लास्टिक अंथरलं, जागेवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, ओला कपडा हातात धरून त्याच्या आडून नखाएवढा तुकडा काढला, एका छोट्या झिप बॅगेत, ती बॅग दुसऱ्या बॅगेत, वर नंबर, आणि त्या भोकावर लगेच फिलर. ओल्या टिश्यूने सगळं पुसून तो टिश्यूही बॅगेत. अख्खं काम पाच मिनिटांचं, धूळ म्हणून दिसली नाही. तुम्ही कुणाला काम दिलंत आणि तो कोरड्यातच स्क्रूड्रायव्हर खुपसायला लागला तर तिथेच थांबवा.

रिपोर्टमध्ये तीन नावं येऊ शकतात: क्रायसोटाइल म्हणजे पांढरा, अमोसाइट म्हणजे तपकिरी, क्रोसिडोलाइट म्हणजे निळा. नॅडिस असं लिहून आलं तर त्या सॅम्पलमध्ये सापडलं नाही. त्या सॅम्पलमध्ये, हं. एका खोलीच्या सिलिंगवर आर्टेक्स नॅडिस आलं म्हणून शेजारच्या खोलीचं तसंच असेल असं नाही, वेगळ्या वर्षी मारलेलं असू शकतं. आमच्याकडे वरच्या तीनपैकी दोन बेडरूममध्ये निघालं, तिसरीत नाही.

५. पैशाची बोलणी एक्स्चेंजच्या आधी

हे काळ्या दगडावरची रेघ समजा. इथे ऑफर मान्य झाली तरी एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स (सह्या झालेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं, दोघांनाही मागे फिरता येतं. एक्स्चेंज झालं की साधारण १० टक्के डिपॉझिट अडकतं आणि मग तुम्ही कितीही ओरडा, घर जसं आहे तसं तुमचं. घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवायचे हा इथला जुना नियम.

म्हणून क्रम असा ठेवा. होम सर्व्हे, संशय आला की सॅम्पल, सॅम्पल पॉझिटिव्ह आलं की दोन-तीन ठिकाणाहून काढायचं कोटेशन, आणि ते कोटेशन हातात धरून एजंटला फोन. "ॲस्बेस्टॉस आहे, पाच हजार कमी करा" असं बोललात तर समोरचा हसतो. "बोर्ड काढायचा एवढा खर्च, हे कोटेशन, निम्मा खर्च तुम्ही उचला" म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. नुसत्या गॅरेजच्या छपरावरून मोठी रक्कम मागू नका, इथल्या लोकांसाठी ते घरोघरी असलेलं प्रकरण आहे.

सोबत सॉलिसिटरलाही (आपले खरेदीचे कागद बघणारा वकील) लेखी सांगा की ॲस्बेस्टॉसबद्दल विकणाऱ्याला सरळ प्रश्न विचारा: माहिती आहे का, सर्व्हे झालाय का, कधी काही काढलंय का, काढलं असेल तर कागद कुठे. सॉलिसिटर आपणहून विचारेलच अशा भ्रमात राहू नका.

लेंडरने रिपोर्ट वाचून जास्तीची माहिती मागितली तर तीही याच काळात देऊन टाका, नाहीतर मॉर्गेजच्या ऑफरची मुदत संपत येते आणि मग सगळ्यांचेच हातपाय गळतात.

६. काढायचं की ठेवायचं

आमच्याकडे तीन ठिकाणं होती आणि तिन्ही वेळी निर्णय वेगळा झाला.

*बोर्ड.* अमोसाइट निघाला, शिवाय एका कोपऱ्यात आधीच्या मालकांनी मारलेल्या स्क्रूमुळे तडा गेलेला. चांगला अख्खा असता तर रंग मारून, वर स्टिकर लावून सोडला असता, तेही चालतं. तडा होता म्हणून काढला. या बोर्डाला, पाइपांवरच्या लेपाला आणि फवारलेल्या थराला काढायचं तर जवळजवळ कायम एचएसईचं (कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था) लायसन्स असलेलाच कॉन्ट्रॅक्टर लागतो, आणि काम सुरू करायच्या १४ दिवस आधी त्याने एचएसईला कळवावं लागतं. म्हणजे आज फोन केला उद्या आला असं होत नाही. आले तेव्हा जिन्याखाली प्लास्टिकचा तंबू ठोकला, हवा आत ओढणारं मशीन लावलं, पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आत गेली आणि अर्ध्या दिवसात दोन बोर्ड लाल पिशव्यांतून बाहेर. त्या एवढ्याशा कामाचे १४०० पौंड गेले. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, तिला वाटलं घरात अंतराळवीर आलेत.

*सिलिंग.* एका बेडरूममध्ये वरून प्लास्टर मारून सपाट करून घेतलं, म्हणजे आर्टेक्स आतच बंद झालं. दुसऱ्या खोलीचं तसंच ठेवलं, नुसता रंग. आर्टेक्स घासायचं नाही, सँडपेपर नाही, कोरडं खरवडणं नाही. आणि सगळ्यात जास्त फसगत इथे होते: छान छान डाउनलाइट्स. इलेक्ट्रिशियन येतो, सिलिंगला आठ गोल भोकं पाडतो, खाली पांढरा भुगा, आपण झाडून घेतो, झालं. त्याला आधी रिपोर्ट दाखवा. रिपोर्ट नसेल तर आधी टेस्ट करा, मग दिवे.

*गॅरेज.* तसंच ठेवलं, सहा वर्षं. गळत नव्हतं, कुठे फुटलं नव्हतं. फक्त दोन नियम पाळले. त्यावर चढायचं नाही, कारण हा पत्रा वरून दणकट दिसतो आणि पाय पडला की आरपार जातो, आपल्याकडे पावसाळ्याआधी पत्रा शेकारायला चढलेली माणसं कशी पडतात ते माहितीये. आणि शेवाळ काढायला प्रेशर वॉशर मारायचा नाही. नवऱ्याने वॉशर आणला होता, परत केला.

टाइल्स असतील आणि उखडलेल्या नसतील तर वरून नवीन फ्लोअरिंग टाकून मोकळे व्हा, उकरत बसू नका.

७. कॉन्ट्रॅक्टर बघताना

विकायच्या वेळी गॅरेजसाठी आम्ही तीन कोटेशनं घेतली: ६५०, ९८० आणि १५०० पौंड. ६५० वाल्याला विचारलं माल कुठे टाकणार, तर म्हणाला ते आमच्यावर सोडा. सोडायचं नाही! हा कचरा हॅझार्डस वेस्ट, म्हणजे घातक कचरा आहे, तो साध्या स्किपमध्ये (भाड्याने मिळणारी कचऱ्याची मोठी पेटी) जात नाही, आणि कुठल्यातरी गल्लीत नेऊन ओतला आणि त्यात तुमच्या नावाचं पाकीट सापडलं तर दंड तुमच्या दारात येऊ शकतो. विचारायचं एवढंच:

- वेस्ट कॅरियर (कचरा वाहून नेणारे) म्हणून एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे रजिस्टर आहात का? रजिस्टर ऑनलाइन सगळ्यांना बघता येतं.
- कन्साइनमेंट नोट देणार का? माल कुठून निघाला, कुठे पोचला त्याचा कागद तो.
- बोर्ड किंवा लेप असेल तर एचएसईचं लायसन्स दाखवा. त्यांच्या साइटवर यादी आहे.
- सिमेंट आणि आर्टेक्सला सहसा लायसन्स लागत नाही, पण त्या कामाचं ट्रेनिंग आणि इन्शुरन्स लागतो, त्याची सर्टिफिकिटं.

लायसन्सवालं काम झालं की जागा पुन्हा वापरायला योग्य आहे का ते एक स्वतंत्र ॲनालिस्ट चार टप्प्यांत तपासतो, त्यात हवेचं मोजमापही येतं, आणि मग सर्टिफिकेट देतो. हा ॲनालिस्ट शक्यतो तुम्ही स्वतः नेमा, कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीचा नको. कागद हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. गॅरेजचं काम आम्ही ९८० वाल्याला दिलं, त्याने पत्रे न फोडता बोल्ट कापून एकेक अख्खा उतरवला, ओला करून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला. फोडून पिशवीत भरणारा दिसला तर समजा चुकीचा माणूस आलाय.

स्वतः करू का, असं प्रत्येक पुरुषमाणूस विचारतो. स्वतःच्या घरात एखादा अख्खा सिमेंटचा पत्रा उतरवायला कायदा आडवा येत नाही, पण ट्रेनिंग नसताना हात घालू नका असंच एचएसई सांगतं आणि मीही तेच सांगते. आधीचा सुटा तुकडा कुठे पडला असेल आणि उचलायचाच असेल तर एफएफपी३ म्हणजे बारीक धूळ अडवणारा मास्क (दाढी असेल तर तो बसत नाही, दाढी काढा), वापरून टाकायचा अंगभर पोशाख, तुकडा ओला, दुहेरी पिशवी, आतली लाल बाहेरची पारदर्शक. आणि तुमच्या काउन्सिलचं टिप (कचरा नेऊन टाकायचं केंद्र) ॲस्बेस्टॉस घेतं का ते आधी फोन करून विचारा, सगळीच घेत नाहीत, घेतात तिथेही बहुतेक ठिकाणी आधी बुकिंग लागतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र चुकूनही फिरवू नका, तंतू मागच्या फिल्टरमधून परत खोलीत येतात.

८. फ्लॅट असेल तर

लीजहोल्ड (ठराविक वर्षांच्या पट्ट्यावरच्या) फ्लॅटमध्ये जिना, कॉरिडॉर, लिफ्टचा शाफ्ट, सामायिक माळा अशा जागांसाठी ॲस्बेस्टॉस शोधणं, नोंद ठेवणं आणि सांभाळणं हे कायद्याने इमारत सांभाळणाऱ्यावर आहे. २०१२ च्या ॲस्बेस्टॉस रेग्युलेशनमध्ये ते आहे. त्यामुळे मॅनेजमेंट पॅकमध्ये (इमारत सांभाळणारा विक्रीच्या वेळी देतो ती कागदपत्रं) कॉमन पार्ट्सचा, म्हणजे सामायिक जागांचा, ॲस्बेस्टॉस रिपोर्ट मागा, आणि काढायचा खर्च सर्व्हिस चार्जवर चढणार आहे का तेही विचारा. फ्लॅटच्या आतलं तुमचं तुम्ही, पण सिलिंग नक्की कुणाचं ते लीजमध्ये बघा, काही ठिकाणी वरचा स्लॅब फ्रीहोल्डरचा (इमारतीच्या मूळ मालकाचा) आणि खालचं प्लास्टर तुमचं असतं.

९. विकताना

स्वतः राहत असलेल्या घराचा ॲस्बेस्टॉस सर्व्हे करायची सक्ती तुमच्यावर नाही. विकायच्या आधी सगळं काढून टाका अशीही नाही. पण विचारलं की खोटं सांगायचं नाही, इथे खरी मेख आहे.

प्रॉपर्टी इन्फॉर्मेशन फॉर्म, टीए६ म्हणतात तो, आणि त्यानंतर घेणाऱ्याच्या सॉलिसिटरचे जादा प्रश्न, यात ॲस्बेस्टॉस आलं की तीन उत्तरं शक्य आहेत. माहिती असेल तर हो, सोबत रिपोर्ट. माहिती नसेल तर "माहिती नाही, घेणाऱ्याने स्वतः तपासून घ्यावं". आणि तिसरं, जे आपले लोक सवयीने लिहून टाकतात: "नाही". टेस्ट न करता नाही लिहायचं नाही. माहिती असून नाही लिहिलं आणि पुढे निघालं तर घर विकून झाल्यावरही भरपाईचा दावा लागू शकतो, आणि तुमच्या नावाचा लॅबचा जुना रिपोर्ट कुठेतरी ईमेलमध्ये असतोच.

आमच्या एजंटने सुचवलं होतं की विचारलं तरच बोला. आम्ही तसं केलं नाही, पहिल्या ऑफरनंतर लगेच सगळी फाइल पाठवली. घेणारं जोडपं घाबरलं, दोन दिवस शांतता, मग त्यांच्या वडिलांचा फोन आला, ते बिल्डर निघाले, त्यांनी फाइल बघितली आणि गॅरेजचे २००० कमी करा म्हणाले. आमच्याकडे ९८० चं कोटेशन आधीच तयार होतं. शेवटी गॅरेज आम्हीच काढून द्यायचं ठरलं, घराच्या किमतीला हात लागला नाही.

फाइलमध्ये काय काय होतं ते लिहिते, तुम्ही पहिल्या दिवसापासून जमवत जा:

- लॅबचे सगळे रिपोर्ट, नॅडिसवालेसुद्धा, आणि कुठला सॅम्पल कुठल्या खोलीतला त्याचा हाताने काढलेला नकाशा
- घर घेतानाचा होम सर्व्हे
- बोर्ड काढलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं बिल, लायसन्सची प्रत, ॲनालिस्टचं सर्टिफिकेट
- कन्साइनमेंट नोट, बोर्डाची वेगळी, गॅरेजची वेगळी (ती गॅरेज काढल्यावर जोडली)
- प्लास्टर मारलेल्या सिलिंगचे आधीचे आणि नंतरचे फोटो, मागे तारीख
- जे अजून घरात आहे त्याची एक पानाची यादी: कुठे, कशात, काय करू नये

ते सिलिंगचे फोटो फार महत्त्वाचे. प्लास्टर मारल्यावर खोली इतकी गुळगुळीत दिसते की आत आर्टेक्स आहे हे आपणच विसरतो, आणि मग पाच वर्षांनी नवीन माणूस बिनधास्त भोक पाडतो. आम्ही त्या खोलीचा फोटो आणि ते एक पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून फ्यूजबॉक्सच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून आलो, कारण कुठलाही इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा तेच दार उघडतो.